फ्रीझरमधला विमा

त्याने तिच्या घरावर बूट ठेवला, हीच त्यांची पहिली भेट.

अमेरिकेतल्या ईरी शहराचा तो हिवाळा आमच्या वयाच्या लोकांना अजून आठवतो. सरोवरावरून येणारा बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. बर्नाडीन कुझमित्स्कीने, सगळ्यांच्या बर्नीने, मुलांना शाळेत सोडून आपली पिवळी स्कूल बस विमा कचेरीसमोर लावली, खाली उतरली आणि घसरून सपशेल पडली. हातातलं पाकीट सुटलं आणि वाऱ्याबरोबर पळत सुटलं. त्यात घरासाठीचा बँकेचा चेक होता. अंधाऱ्या पहाटेच्या कितीतरी फेऱ्या करून साठवलेल्या पैशांचा. समोरून येणाऱ्या एका उंच माणसाने पटकन पाकिटावर पाय दिला.

"अहो, ते माझं घर आहे!" ती पडल्या जागेवरूनच ओरडली.

"मग बरंच झालं… पाया पक्का झाला," तो म्हणाला आणि तिला उठवायला हात पुढे केला. त्या थंडीत तो हात उबदार कसा होता, याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

त्याच्या चष्म्यावर बर्फ साचला होता. डोळे दिसले ते आत गेल्यावर, कारण तोही तिथलाच निघाला. लोवेल गेर्लाइन. घरांचे जुने दस्त तपासणं हे त्याचं काम.

आत घर विकणाऱ्या मिसेस पासेक विणकाम घेऊन बसल्याच होत्या. टेबलामागे कचेरीचे प्रमुख फेनरसाहेब. ते एकेक आकडा वाचत गेले आणि बर्नीचा चेहरा उतरत गेला. पुढेमागे कुणी घरावर जुना हक्क सांगत आला तर भरपाई देणारा मालकीचा विमा, त्याचा हप्ता आधी सांगितलेल्या अंदाजापेक्षा वर गेला होता. कमी पडत होते ते थोडेच. पण आता तिच्याकडे ते थोडेही नव्हते.

"माझ्या पैशातून कापा की," मिसेस पासेक म्हणाल्या.

"ठरलेली किंमत बदलता येत नाही. आणि बँकेने अट घातलीय, यांनी उसना एक डॉलरही घ्यायचा नाही. एकटी बाई… बँकेला धास्ती असते." फेनरसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "कराराची मुदत आज संपते. उद्या शेजारचा गॅरेजवाला घ्यायला तयारच आहे."

गॅरेजवाला ते घर पाडून तिथे गाड्या लावणार, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

कोपऱ्यातून लोवेल खाकरला. "मिसेस पासेकनी हे घर अलीकडेच घेतलंय ना? मग तेव्हाचा विमा असेल…"

"गेर्लाइन," फेनरसाहेब सावकाश म्हणाले, "ती सवलत आपण आपणहून सांगत नसतो. गिऱ्हाइकाने विचारायची असते."

लोवेल बर्नीकडे वळला. "मग विचारा ना."

"काय विचारू?"

"म्हणा, जुना विमा दाखवला तर हप्ता कमी होतो का?"

"जुना विमा दाखवला तर," ती शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून म्हणाली, "हप्ता कमी होतो का?"

फेनरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "होतो. मागचा तपास झालेला असतो, तेवढं काम वाचतं. पण कागद समोर पाहिजे. आत्ता."

"कागद घरी आहे," मिसेस पासेक म्हणाल्या. "फ्रीझरमध्ये."

"फ्रीझरमध्ये?"

"बहिणीचं घर जळालं तेव्हा फ्रीझर तेवढा शाबूत राहिला. तेव्हापासून माझं महत्त्वाचं सगळं तिथेच असतं." त्यांनी किल्ली बर्नीच्या हातात ठेवली. "जा पळ. मी इथून हलत नाही. यांना घरी जायचं असेल तर मला खुर्चीसकट उचलावं लागेल."

लोवेलची गाडी बर्फात रुतली होती. मग दोघं स्कूल बसमधून निघाले. लहान मुलांच्या सीटवर त्याचे गुडघे हनुवटीला टेकत होते.

"पट्टा लावा. माझ्या बसमध्ये दंगा चालत नाही," ती आरशातून म्हणाली.

"आणि खाऊ?"

"शहाण्या मुलांनाच."

ती घर आधी पाहून गेली होती, पण सरोवर गोठण्याआधी. रिकाम्या खोलीच्या टोकाला एकच खिडकी, आणि खिडकीत सगळं सरोवर गोठलेलं. पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. लाटा उसळता उसळता तशाच थबकल्या होत्या.

"हे… हे सगळं?" ती कुजबुजली.

"सरोवर विम्यात येत नाही," तो म्हणाला. पण त्याचाही आवाज खाली आला होता. "मी या जागेचे सगळे दस्त वाचलेत. अगदी पहिल्यापासून. प्रत्येकावर कुणाची तरी बायको, नाहीतर कुणाची तरी विधवा. स्वतःच्या कमाईवर, एकटीच्या नावावर… अशी तुम्हीच पहिली. ते नाव दस्तावर यावं असं वाटलं. म्हणून तोंड उघडलं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. आपल्याच कंपनीचा हप्ता कमी करणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. सरोवराकडे पाहताना वाटलं होतं, अगदी तसंच तिला वाटलं.

फ्रीझरमध्ये लसूण घातलेल्या सॉसेजखाली, पावाच्या पिशवीत, कागदांची वीट झाली होती. परतताना त्याने ती बसच्या पुढच्या काचेखालच्या गरम झोताशी धरून ठेवली. बोटांवरून पाणी ओघळत होतं. "जरा हळू… पहिलं पान सुटतंय," तो म्हणाला. आणि ती, जिने आयुष्यात कधी बस उशिरा नेली नव्हती, खरंच हळू झाली.

ओला, लसणाचा वास मारणारा कागद फेनरसाहेबांनी रुमालाने धरून वाचला. हप्ता खाली आला. सह्या झाल्या. मिसेस पासेकनी विणकाम गुंडाळलं. बर्नी मुलांना आणायला वेळेवर पोचली. आणि लोवेलची रवानगी तळघरात जुन्या फायली लावायला झाली.

तिथून सुटला की तो तिच्या दारातला बर्फ काढायला यायचा. कॉफी प्यायचा, तिच्या जोड्याशी जोडा लावून पायरीवर बसायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि… सरोवराकडे बघत बसायचा. बर्फ वितळला. अंगणात ट्यूलिप उमलले. तरी हा फावडं घेऊन दारात उभाच.

"लोवेल, बर्फ कुठाय?"

"नाही… म्हणजे, सवय झालीय."

ती दाराला टेकली. हसू दाबून म्हणाली, "तुमच्या कचेरीत विचारल्याशिवाय काही मिळत नाही, हो ना?"

त्याचे कान लाल झाले. "हो. नियमच आहे."

"मग मीच विचारते. राहशील इथे? माझ्याबरोबर?"

त्याच्या मागे सरोवर मोकळं झालं होतं, निळं, उन्हात थरथरणारं. त्याने फावडं भिंतीला टेकवलं. उंबऱ्यापाशी आला, खाली वाकला, आणि या वेळी तिच्या घरात पाय ठेवण्याआधी त्याने बूट काढले.