शुक्रवारची फाइल

तू हसशील, पण मी डायरी कधी वहीत लिहिली नाही. आमच्या दर्याकाठच्या नवापूरच्या दोन खोल्यांत वही लपवायला जागा कुठे होती? अंथरुणाखाली ठेवली तर सासूबाई झाडताना काढणार, पेटीत ठेवली तर नणंद. त्र्याण्णव साली बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर गेले, की मी काळ्या पडद्यावर माझं लिहायला बसायचे. साधी अक्षरं, ना रंग ना नक्षी. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. दर दिवसाची एक फाइल, तिला त्या दिवसाची तारीख. फ्लॉपी खणात, किल्ली माझ्या कमरेला. घरात नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणारी मी, तिथे बिनधास्त जानू, जानू लिहायचे.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. जानू आणि त्याचा भाऊ महादू बोट घेऊन गेले आणि मागून वारा सुटला. बुधवारी यायचे, ते गुरुवार आला तरी पत्ता नाही. आमच्या घरात एक गोष्ट कडक पाळतात. माणूस दर्यावर असला, की त्याचे पाय वाळूला लागेपर्यंत ‘आला’ म्हणायचं नाही. बोट समोर दिसली तरी ‘दिसतो’ एवढंच म्हणायचं. ह्यावरून सासूबाईंनी एकदा नणंदेच्या थोबाडीत दिली होती.

शुक्रवारी कारखाना बंद असायचा. तो दिवस कोरा राहू नये म्हणून मी गुरुवारीच शुक्रवारचंही लिहून टाकायचे. धुणं, भाकऱ्या, दुसरं काय होणार? त्या गुरुवारी मात्र जिवाला घोर लागला होता. मनाला धीर यावा म्हणून लिहिलं, ‘आज जानू आला. पापलेट आणले. जेवला. झोपला.’ बोलायचं नाही असा नियम होता. लिहू नये असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ऊन नुसतं रणरणत होतं. मी अंगणात सुके बोंबील उलटत होते. मागे वळले, तर दारात जानू. हातात दोन पापलेट.

“अगोबाई! बोट कदी लागली? महादूभावजी कुटं हायत?”

“आलो,” तो म्हणाला.

मला रडूच फुटलं. धावत जवळ गेले आणि पाय थबकले. दर्यावरून आलेल्या माणसाला वास असतो, डिझेलचा, घामाचा, मासळीचा. ह्याला कसलाच वास नव्हता. कपडे कोरडे, केस नीट विंचरलेले. मी पापलेट चिरले, तर रक्ताचा थेंब निघाला नाही. तो जेवला. मग भिंतीकडे तोंड करून झोपला.

संध्याकाळी सासूबाई पालघरच्या बाजारातून टोपली घेऊन आल्या. आत नजर गेली आणि त्या उंबऱ्यावरच थांबल्या.

“पुष्पा... ह्यो कोन हाय घरात?”

“आये, ते आले न्...”

“किनाऱ्याला एक बी बोट नाय. मी बगूनच आले. तू बोललीस का गो... आला म्हनून?”

“बोलले नाय... लिवलं.”

टोपली त्यांच्या हातून सुटली. “पूस ते. माजा पोर पान्यात हाय. ह्यानं त्याची जागा धरली, तर त्यो यील कुटं?”

नणंद मामाकडे गेली होती. ती रात्र आम्ही दोघींनी ओट्यावर बसून काढली. आतून श्वासाचाही आवाज येत नव्हता. मला एकच भीती खात होती. त्या फाइलीत माझाच जानू होता ना? पुसताना तोच पुसला गेला तर?

शनिवारी पहिल्या एसटीने बोईसर गाठलं. सासूबाई ओट्यावरून हलायला तयार नव्हत्या. वॉचमनने दार उघडून दिलं. “इतनी जल्दी, मॅडम?” फ्लॉपी घातली, फाइल उघडली. माझी चार वाक्यं होती. ‘झोपला’च्या खाली आणखी काही आलं होतं, माझ्याच चुका करून, माझ्यासारखंच.

‘उठला. पुष्पा घरात नाही. म्हातारी दारात आहे.’

कशीबशी पुसायची आज्ञा टाइप केली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

घरी पोचले, तर सासूबाई ओट्यावर तशाच बसलेल्या.

“गेला,” त्या म्हणाल्या. “दारापातूर आला... माज्याकडं बगितलं... आनि नव्हताच.”

दुपारी बोट लागली. जानू उतरला. दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास, पाय वाळूत रुतलेले. लाजबीज सोडून मी सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. महादूभावजींनी मला बाजूला घेतलं.

“वयनी, काल दुपारधरनं ह्यो मेल्यावानी पडला व्हता. हलवला तरी उटना. आज सकाळी आपसूक उटून बसला.”

मी दर्याला नारळ दिला. फ्लॉपी चुलीत घातली. सुटलो एकदाचे, असं मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले. जानू उताणा पडला होता, डोळे सताड उघडे.

“उठा की,” मी म्हटलं. तो उठला.

“चा घ्या.” त्याने चहा घेतला. रिकामा कप धरून माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

“पुडं?”

मला वाटलं, थट्टा करतोय. मी काही न सांगता कामाला गेले. संध्याकाळी परतले, तर तो तिथेच बसला होता, कप हातात, मी पुढचं सांगायची वाट बघत. आणि सासूबाई ओट्यावर होत्या, आत यायला तयार नव्हत्या.