चार नटांची चाकं

अंबडच्या वळणावर एक लाल, दोन सीटांची, सायकलसारख्या तारांच्या चाकांची जुनी गाडी ‘टक्’ करून थांबली, तेव्हा योगिनी आपल्या वर्कशॉपच्या दारात चहा पीत उभी होती. गाडीतून कुणी विलायती साहेब उतरेल असं तिला वाटलं होतं. उतरला तो नामपूरच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा वाल्मीक. चेहरा असा की घरातलं लेकरूच आजारी पडलंय.

“चाकाची तार तुटली हो... जमेल?”

“बघते. आधी चहा घ्या, रंग उडालाय तुमचा.”

तार जमली. पण मग दर शनिवारी दुसरी एखादी तार सैल व्हायची आणि वाल्मीक हजर! ती चाक फिरवत तारा ओढायची, तो शेजारी स्टूल टाकून गप्पा मारायचा. तिच्या गालाला ग्रीस लागलं की स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवायचा — आणि दर वेळी चुकीच्या. योगिनीला शनिवार फार आवडायला लागला होता.

एका शनिवारी मात्र सैल तारेच्या टोकाशी तिला पकडीचे ताजे ओरखडे दिसले. आधी तिला हसूच फुटलं. मग नामपूरच्या वाटेवरचा सप्तशृंगीचा घाट, त्यातला उतार आणि हा वेडा डोळ्यांसमोर आला, नि तिने चाक खाली ठेवलं.

“तारा तुम्हीच सैल करता?”

“एखादीच... थोडीशी...”

“मरायचंय का?” तिने पाना आपटला. “ही चाकं काढून टाकू. चाक ज्यावर बसतं तो हब बदलून चार नटांची साधी चाकं बसवते. तारच नको!”

“मग... मी यायचं कशाला?”

“ते तुमचं तुम्ही ठरवा.”

बोलली खरी, पण एकेक नट आवळताना तिचा जीव खालीवर होत होता. आपल्याच हातांनी आपण त्याची वाट बंद करतोय, हे तिला कळत होतं. तरी एकही नट तिने ढिला ठेवला नाही.

“शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या,” ती खाली बघत म्हणाली. “कुठेही आवळून देतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लेथ पुसत होती. सैल तारेचं ‘टक्’ आता उरलं नव्हतं, म्हणून गाडी आलेली तिला कळलीच नाही. मान वर केली, तर दारात वाल्मीक!

“झाले शंभर?”

“लय जास्त. काल नामपूरला गेलो, आज परत आलो.”

तिने पाना लावून पाहिला. “सगळे घट्ट आहेत. मग कशाला आलात?”

“सांगायला. गाडीला काही झालेलं नाही... मला झालंय. योगिनी, मला तू आवडतेस. आईला सांगितलं, नवीन चाकं बसवली. ती तिच्या अहिराणीत म्हणे, ‘गाडीनं ऱ्हाऊ दे, पोर कोन शे ते सांग.’”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, तिला विचारून सांगतो.”

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम आलं. तिच्या गालावरचं ग्रीस दाखवायला वाल्मीकने सवयीने स्वतःच्या गालावर बोट नेलं.

“दाखवू नकोस,” ती म्हणाली. “पूस.”

त्याने रुमाल काढला, आणि या वेळी गाल बरोबर ओळखला.

“आईला काय सांगू?”

“येत्या रविवारी तिला घेऊन येतो म्हणावं.” तिने हात पुढे केला. “आणि ती पक्कड आधी इकडे दे!”