सात फुलांची दिशा

नव्या वनस्पतीचं वर्णन लिहायची ठरलेली रीत आहे. खालून वर जायचं. मूळ, खोड, पान, फूल. मध्ये स्वतःला आणायचं नाही. एकोणीस वर्षं मी वनस्पती-संग्रहालयात हेच करते आहे. हे एक वर्णन तेवढं रीतीत बसलं नाही.

मूळ : नाही. गुहेच्या छतातून वरच्या झाडांची मुळं लोंबतात. त्यांच्यात तोंडं खुपसून ही वनस्पती जगते. उपटली तर झाडाच्या मुळाची साल सोलून निघते.

दादाने ती तशीच, मुळाच्या तुकड्यासकट, डब्यात घालून आणली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. सुट्टी मिळाली की गुहांत शिरायचा. सोबत शाळेपासूनचा मित्र, लांब्या. सव्वासहा फुटांचा माणूस. त्याला गुहेत घडी घालून न्यावं लागतं, असं दादा म्हणायचा.

"तुझ्यासाठी फूल आणलंय," दादा म्हणाला. "मिट्ट काळोखात फुललं होतं. कोणाला दाखवायला, देव जाणे."

आठवड्याने दोघं कॅमेरा घेऊन पुन्हा गेले. बाहेर दादा एकटाच आला. लांब्याच्या डोक्यावर दगडाचे अकरा घाव होते. शेवटचे सहा तो मेल्यानंतरचे, असं डॉक्टरांनी लिहिलं.

खोड : बारा सेंटिमीटर, पांढरट, मांसल. कापल्यावर रस येत नाही.

पान : नाही.

कोठडीत दादा भिंतीला पाठ लावून बसला होता.

"का मारलंस?"

"मारलं नाही गं. मी त्याला तिथून ओढत होतो. तो हलेना."

"कुठून ओढत होतास?"

"फुलं बघत होती तिथून."

"अकरा वेळा ओढलंस?"



बाहेर दादाच्या वकीलबाईंनी मला बाजूला घेतलं. "फुलं बघत होती वगैरे कोर्टात नको हं, हात जोडते. वासबीस येतो का त्यांना? डोकं गरगरतं? तसं तुमच्या सहीशिक्क्याच्या कागदावर असेल, तर जामिनाचं जमेल. नाहीतर भाऊ आत म्हातारा होईल तुमचा."

वास : नाही.

हे मी तेव्हा लिहिलं, कारण ते खरं होतं.

फूल : सात. पाकळ्या पाच, गडद तांबड्या, आतून लव. सातही फुलांची तोंडं एकाच दिशेला.

या शेवटच्या वाक्यावर मी अडले. फुलं उजेडाकडे वळतात. गुहेत उजेड नव्हता, आणि संग्रहालयातल्या माझ्या कपाटातही नव्हता. सोमवारी सकाळी मी कोनमापक लावला. सातही फुलं डावीकडे चाळीस अंशांवर. मी डबा फिरवून ठेवला. दुपारी पाहिलं तर पुन्हा तिकडेच. त्या बाजूला कागद कापायच्या मोठ्या पात्याचं टेबल होतं.

मंगळवारी त्या टेबलाशी शिपाईकाका नमुने चिकटवायचे जाड कागद कापत होते. आमचा चित्रकार शेजारी उभा.

"काका, या वेगाने कापलंत तर तुमच्या निवृत्तीच्या दिवशी पहिला नमुना चिकटेल."

"तू उभा आहेस म्हणून वेळ लागतोय रे," काका हसले. मग त्यांनी त्याचं मनगट धरलं, पंजा पात्याखाली ठेवला, कागद लावतात तसा पट्टीला नीट सरळ लावला, आणि दांडा खाली ओढला. पहिल्या वेळी हाड पूर्ण तुटलं नाही. त्यांनी पातं वर घेतलं आणि पुन्हा ओढलं.

चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं.

गुरुवारी सकाळी दहाला फुलं खिडकीकडे वळलेली दिसली. खिडकीखाली फाटक आहे. दुपारी दोनला रखवालदाराने एका माणसाचं डोकं फाटकाच्या गजांत कोंबलं आणि फाटक लावायला लागला. कान फाटून लोंबायला लागला तरी लावत राहिला. तो माणूस त्याचा व्याही होता, सहज भेटायला आलेला.

फुलं वळल्यापासून पहिल्या खेपेला एक दिवस. या खेपेला चार तास.

मी वकीलबाईंकडून गुहेतले फोटो मागवले. दहा वाजून बारा मिनिटं: छतावरची शेकडो फुलं एका रिकाम्या कातळाकडे तोंड करून. दहा चाळीस: त्याच कातळावर लांब्या बसलाय, गुडघे हनुवटीशी, बिस्किट खातोय, कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतोय. फुलं जागची हललेली नाहीत.

हे कुठल्या मथळ्याखाली लिहायचं?

वास : उग्र. बंद जागेत गुंगी व भ्रम आणणारा.

खोडून मी असं लिहिलं. सही केली, शिक्का मारला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा न पाहिलेलं लिहिलं. दोन आठवड्यांत दादाला जामीन मिळाला. त्या दोन प्रकारांनंतर संग्रहालयाने माझी खोली बंद केली होती, म्हणून डबा मी घरी आणला, माझ्या कपाटात ठेवला. फळ धरलेलं पाहायचं बाकी होतं.

दादा भर दुपारी आला. आई त्याच्यासाठी काही आणायला खाली दुकानात गेली होती. मी टेबलाशी लिहीत होते. नमुने दाबायचं लोखंडी वजन कागदांवर होतं.

त्याने कपाट उघडलं, आणि तसाच उभा राहिला.

"ऊठ."

"आल्या आल्या काय रे? बस, पाणी देते."

"ऊठ तिथून. आधी ऊठ."

मी वळून पाहिलं. सातही फुलं माझ्याकडे बघत होती.

त्याने माझा दंड धरून ओढलं. दुखेल इतकं. मला उठायचं होतं. मी खुर्ची घट्ट धरून बसले होते.

"ऊठ ना गं, पाया पडतो तुझ्या."

तो रडत होता. ओढत होता.

वजन माझ्या हाताशी होतं.

पहिला घाव कानामागे बसला. तो गुडघ्यांवर आला, तरी त्याने माझा दंड सोडला नाही. मग कपाळ. मग जबडा, दात फरशीवर उडाल्याचा आवाज आला. पुढचे मोजले नाहीत. मोजणं माझं काम आहे.

दंडावरची पकड सुटली.

खोली अगदी शांत झाली. मी कपाटाकडे पाहिलं. मला फुलांच्या पाठी दिसल्या. सातही दाराकडे वळली होती.

दार बंद होतं. जिन्यात कोणी नव्हतं.

वजन अजून माझ्या हातात होतं. खाली ठेवावं असं काही वाटत नव्हतं.

मग जिन्यात चपला वाजल्या. शेजारणीला आई सांगत होती, "आला गं माझा लेक."

चपला दाराशी थांबल्या.

"दार उघड गं, माझे दोन्ही हात गुंतलेत."