कॅमेरा परत घ्यायला

मी कुठल्या आर्ट कॉलेजात शिकलो नाही. नाशकातल्या दुकानांच्या पाट्या रंगवत शिकलो, आणि फ्लेक्सने पाट्यांचं वाटोळं केल्यावर घरी बसलो. मागे एका गॅलरीवाल्याने माझी चित्रं चाळून विचारलं, "यात तुमचं स्वतःचं काय आहे?" डोकं फिरलं. म्हटलं, दाखवतो. घरच्या सहलींचे जुने फोटो शोधले आणि मोठ्या कॅनव्हासवर उतरवायला घेतले.

मखमलाबादला आमचा मळा आहे. पडवीत उजेड बरा, म्हणून काम तिथेच. शेजारी आई, साळूबाई, बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसते. तिचे हात थांबलेले मी कधी पाहिले नाहीत.

आमची पाटीवाल्यांची पद्धत सरळ आहे. फोटोवर चौकोन आखायचे, तो उलटा टांगायचा, एकेक चौकोन उतरवायचा. माणूस दिसत नाही, नुसता रंग दिसतो. भंडारदरा झालं, गणपतीपुळे झालं. महाबळेश्वरच्या फोटोत जमिनीच्या चौकोनांपाशी आलो आणि हात अडखळला.

फोटो काढणाऱ्याची सावली. दोन्ही कोपरं बाहेर, डावा खांदा खाली पडलेला. ही सावली मी आधीच्या दोन्ही चित्रांत रंगवली होती.

गवतावरची सावली हिरवट पडते, वाळूवरची तांबूस, हे शेंबडं पोरही सांगेल. हिला तिन्ही जागी एकच रंग लागला होता. त्यात ऊन डोक्यावरचं. आमच्या सावल्या पायांत गोळा झालेल्या, आणि त्याची लांबच लांब, आमच्या चपलांपर्यंत आलेली.

"आई, हे फोटो कोणी काढले? आपण तर सगळे यात आहोत."

"जो दिसल त्याला म्हणायचं, दादा, एक फोटो काढा."

"तिन्ही ठिकाणी एकच माणूस?"

"तुला आता दिसलं व्हय?" ती जुडी बांधत म्हणाली. "आणि म्हणं चित्रकार."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? कॅमेरा परत घ्यायला कोणीतरी जातंच. भंडारदऱ्याला तुझे आजोबा गेले. पुळ्याला समाधान. महाबळेश्वरला तुझे वडील."

पुढचं मला माहीत होतं. आजोबा त्याच वर्षी विहिरीत पडून गेले. माझा धाकटा भाऊ समाधान पुळ्याहून आल्यावर महिन्याभरात सिन्नरच्या रस्त्यावर अपघातात गेला. वडील महाबळेश्वरनंतर साध्या तापाने.

मी चिडलो. असलं थोतांड मी दारात उभं करत नाही.

"माणसं मरतात, आई. त्यात सावलीचा काय संबंध?"

"नसंल. पण त्यानंतर मी कुणाला फिरायला जाऊ दिलं नाय. आज पोरीला तूच पाठवली. म्हणाला, म्हातारीचं काय ऐकते."

माझी वेदिका सकाळीच मैत्रिणींबरोबर सापुताऱ्याला गेली होती.

"आताच्या पोरी सेल्फी काढतात," मी म्हटलं. "परक्याच्या हातात फोन देत नाहीत."

"बरं," आई म्हणाली.

मी ब्रश धुतला. पाणी गढूळ झालं तरी धूत राहिलो. मग हात पुसून वेदिकाला फोन लावणार, तेवढ्यात तिच्याच नंबरवरून फोटो आला.

तलावाकाठी सगळ्या पोरी ओळीत उभ्या. मध्ये वेदिका, दोन्ही हात मैत्रिणींच्या गळ्यात.

दोन्ही हात.

मी फोटो खाली सरकवला. दुपारचं ऊन. पोरींच्या पायांपर्यंत आलेली सावली. डावा खांदा खाली.

फोन लावला. रिंग वाजत राहिली. ती वाजत असतानाच दुसरा फोटो आला. आता वेदिका एकटीच. ओळीतून निघून समोर चालत येतेय. हसतेय. हात पुढे केलेला.

रिंग थांबली. कुणीतरी फोन उचलला होता. मी स्पीकरवर टाकला.

"कोण बोलतंय?"

पलीकडून श्वासही नाही. नुसता वारा, आणि लांबून पोरींचं खिदळणं.

"वेदिका, तो फोन घेऊ नकोस. राहू दे तिथंच. ऐकतेस का?"

खडीवर चपला वाजल्या. जवळ आल्या.

"थँक्यू काका. द्या."

मी ओरडत होतो. काय ते आठवत नाही.

"हॅलो, पप्पा?" अगदी जवळून तिचा आवाज. "ओरडताय कशाला? घेतला मी फोन."

शेजारी आईचे हात थांबले.