ज्युनिपरकडे दाखवणारी मुलगी

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, लुकाचुकाईच्या लाल कड्यांखाली हासबाचं होगन होतं, लाकूड-मातीचं गोल घर. आत, दाराच्या समोर, तिचा उभा माग. त्या पानगळीत ती गावच्या नव्या शाळेसाठी चित्र विणत होती. पूर्वी सरकारी ट्रक यायचा आणि नवाहो जमातीच्या मुलांना दूरच्या वसतिशाळेत घेऊन जायचा, त्याचं चित्र. तो ट्रक तिनं पाहिला होता, सात वर्षांची असताना. डोळे आलेले होते म्हणून तिला नेलं नव्हतं.

विणकाम खालून वर चढतं. तळाशी मेंढवाडा झाला. त्याच्याशेजारी आई, आणि लाल परकरातली ती स्वतः, दोन्ही हात खाली सोडलेले. पलीकडे एक ज्युनिपरचं झाड. मग ट्रकची चाकं.

मेंढ्यांना पाणी पाजून दुपारी ती परतली, तेव्हा लाल परकरातल्या मुलीचा उजवा हात वर होता. बोट झाडाकडे.

हासबानं नखानं धागा चाचपला. वीण घट्ट होती. लोकर तिनंच कातलेली. वरच्या वीतभर ओळी उसवल्याशिवाय तो हात कुणाला बदलता आला नसता, आणि त्या ओळींना कुणी हात लावलेला नव्हता.

तिनं सगळं उसवलं. पाच दिवस खपून पुन्हा विणलं.

"लोरेन, त्या मुलीचे हात कुठे आहेत बघ," तिनं लेकीला सांगितलं.

"खाली. का गं?"

दुसऱ्या दिवशी दोघी सरपण घेऊन आल्या. हात वर होता.

"तूच विणलं असशील, आई. लक्षात राहिलं नसेल."

"माझे हात मला कळतात."

लोरेननं मागाजवळ वाकून पाहिलं. "कशाकडे दाखवतेय ती?"

हासबा विणायच्या फणीचे दात पुसत राहिली.

"तिथं धाकटी लपली होती."

"कोण धाकटी?"

"माझी बहीण. आईनं तिला झाडाच्या बुंध्याआड बसवलं होतं. ट्रकमधून आलेल्या दुभाष्यानं मला गोड गोळी दिली, म्हणाला, घरात अजून कोण कोण आहे? मी बोट केलं."

"सात वर्षांची होतीस तू."

"ती पाचची."

लोरेननं बहिणीचं नाव विचारलं नाही. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं.

"पुढच्या थंडीत ती गेल्याचा निरोप आला. कुठे पुरलं, ते सांगितलं नाही. ती झाडाआड आहे हे ट्रकवाल्यांना कसं कळलं, हे आईनं मला कधी विचारलं नाही. तिनं पाहिलं होतं."

हासबानं तो हात तसाच ठेवला. ट्रक पुरा केला, मुलं विणली, वर आभाळ भरलं.

शेवटची ओळ ठोकून झाल्यावर लोरेननं विणलेलं कापड मागावरून सोडवलं आणि दारातल्या उन्हात धरलं. झाडावरून बोटं फिरवताना तिला काहीतरी खरखरीत लागलं. तिनं चिमटीत धरून ओढलं.

केस. काळे, बारीक, लहान मुलाचे. हिरव्या धाग्यासोबत साऱ्या झाडातून आत-बाहेर विणलेले. हासबाचे केस पांढरे होते.

त्या वसतिशाळेत पहिल्याच दिवशी मुलांचे केस कापत आणि उवांसाठी डोक्याला रॉकेल चोळत, हे लोरेनला ठाऊक होतं.

"आई," ती हळूच म्हणाली.

केसांची टोकं कात्रीनं सरळ कापलेली होती. तिची बोटं ओली झाली होती, आणि त्यांना रॉकेलचा वास येत होता.