केरूच्या बांधावरचा तांबडा बाण

तांदळाची उकड मळता मळता सरूनं मान वर केली, आणि समोर हा उभा! खांद्यावर दगडांनी भरलेली झोळी, हातात हातोडी. खांब गावात हायवेच्या कडेला तिच्या बापाचं, केरूचं, भाकरीचं छोटंसं हॉटेल होतं.

"चहा मिळेल?"

"मिळंल. पण दगड भाईर ठेवायचे. नायतर आमच्या भाकरीत खडे असतात म्हणून बोंब व्हायची."

तो हसला, आणि... काय सांगावं, उकड हातातच राहिली! पुंडलिक त्याचं नाव. पेणच्या गणपती घडवणाऱ्यांच्या घरातला, पण मुंबईत शिकून आता रोह्याकडचे दगड तपासत हिंडणारा. मग तो रोजच यायला लागला. चहा एक, गप्पा तासभर.

"एवढं काय हाय रे त्या काळ्या दगडात?"

त्यानं परातीतला गोळा उचलून दोन्ही हातांनी हळूहळू ओढला. मध्ये तो पातळ झाला, भेगाळला. "जमीन अशी ताणली गेली. भेगांतून तापलेला रस वर आला नि थिजला... तेच हे दगड. मग जमीन आणखी फाटली, मधल्या जागेत समुद्र शिरला. आफ्रिकेकडची सेशेल्स बेटं तेव्हा आपल्याला चिकटून होती."

"आणि आता?"

"अजून लांबच चाललीत. वर्षाला इंचभर."

"पीठ नासलंस माझं," ती म्हणाली. पण गोळा परत घेताना तिची बोटं त्याच्या बोटांत जरा जास्तच रेंगाळली.

सगळ्यांत चांगला दगड तिनंच दाखवला, बापाच्या बांधावरचा. पुंडलिकनं तुकडा काढला आणि उत्तर दिशा कळावी म्हणून तिथं तांबड्या रंगानं बाण रंगवला, खाली आकडा घातला. रविवारी तो घरच्यांना घेऊन मागणी घालायला येणार होता. केरूही "येऊ द्या" म्हणाला होता.

शनिवारीच तो बाण लोकांच्या नजरेस पडला आणि गाव पेटलं. पाच वर्षांमागं कंपनीसाठी जमिनी गेल्या, तेव्हा मोजणीवाल्यांनी अस्सेच तांबडे बाण काढले होते! पुंडलिकला धरून देवळापुढं आणलं, झोळी उपडी केली. तो बिचारा समुद्र, भेगा असं सांगत राहिला. कोण ऐकतंय!

"बांध दावला कोणी याला?" शेजारचा मोरू ओरडला.

केरूनं सावकाश विचारलं, "सरू, तू दावलास गो?"

सगळा गाव बघत होता.

"नाय," ती म्हणाली. "चहा पितो आपल्याकडं, तेवढीच वळख."

पुंडलिकनं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"खरं आहे," तो म्हणाला. "माझा मीच शोधला." आणि दगड तिथंच टाकून तो पेणच्या एसटीत बसला.

रविवारी कोणी आलं नाही. महिन्याभरात गडब गावच्या स्थळाशी सरूची सुपारी फुटली, लग्न ठरलं. पाहुणे गेले, आणि तिला राहवेना.

"बाबा, बांध मीच दावला होता."

पानाला चुना लावणारा केरूचा हात थांबला. "म्हाईत हाय. बघितलं होतं मी तुमाला."

"मग... गप का बसलास?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं गो. तू व्हय म्हणाली असतीस तर गावाला आडवा गेलो असतो मी. तू नाय म्हणालीस... मला वाटलं, पोरीला तो नकोच असंल."

"हवा होता बाबा! व्हय, हवा होता!"

केरूनं पान तसंच खाली ठेवलं.

"आता कोणाला सांगतेस गो?"