पांढरंच राहिलेलं गाळणं

"आज शुक्कुरवार. विहिरीत तांबडं औषध पडलंय म्हणं," मष्णू म्हणाला. "मग तुझं गाळणं पांढरंफेक कसं गं?"

चंदनाने फडकं उलटसुलट करून पाहिलं. पाणी गाळल्यावर फडक्यातले बारीक जीव ती त्याच विहिरीत परत सोडायची. आईकडून घेतलेला जैन घरातला नेम होता तो. त्यामुळे तंबाखूच्या वखारीमागच्या विहिरीवर तिची रोजची फेरी, आणि सुट्टी लागल्यापासून मष्णू आणि शालनही बरोबर.

"औषधानं कापड तपकिरी होतं, साबणानंबी निघत न्हाय," शालन म्हणाली. "राजाबाई आक्कांनी दाखवलंय की."

शेजारच्या गावात पटकीची साथ आली होती. राजाबाई आक्कांच्या महिला मंडळाने घरोघर मूठमूठ जोंधळा जमवला, विकून औषध आणलं आणि गावच्या आरोग्य समितीच्या हवाली केलं. ते दर शुक्रवारी विहिरीत टाकायचं काम समितीचे अध्यक्ष पारिसाप्पांचं. पद मिळाल्यापासून त्यांचं पोट आणि फेट्याचा तुरा एवढंच काय ते वाढलं होतं. वखारीच्या गल्लीत पाय ठेवायचा तर नाकाशी अत्तराचा बोळा लागे.

मष्णूच्या शेजारच्या भरमाला कालच दवाखान्यात हलवलं होतं. मष्णूची धाकटी बहीण नागू याच विहिरीचं पाणी पीत होती. तिघंही तडक अध्यक्षांच्या कट्ट्यावर गेली.

"टाकलंय औषध. वहीत सही हाय माझी," पारिसाप्पा सुपारी कातरत म्हणाले. "तंबाखू कुटणाऱ्यांना काय गुलाबपाणी पाजू?"

"सही विहिरीत टाकलासा जणू," मष्णू पुटपुटला.

चंदना अंगणातल्या दोरीकडे पाहत होती. अध्यक्षांची धोतरं ओळीने वाळत होती, सगळी चहात बुडवल्यासारखी. ती मागच्या दाराला अध्यक्षांच्या बायकोकडे गेली.

"काकू, एखादं जुनं गाळणं द्याल?"

"ने की बाई. महिन्यात चार वाया गेली. आमच्या आडात हे डबेच्या डबे काय ओतत्यात कुणास ठाऊक. म्हणत्यात, जादा घातलं की जादा गुण."

रविवारी बेळगावहून डॉक्टर आले. औषध वेळेवर टाकल्याबद्दल त्यांच्याच हस्ते अध्यक्षांचा सत्कार होता. हार गळ्यात पडायच्या आत चंदनाने टेबलावर दोन फडकी पसरली.

"हे गल्लीच्या विहिरीचं. आणि हे अध्यक्षांच्या आडाचं," ती हळू आवाजात म्हणाली.

डॉक्टरांनी पांढरं फडकं पाहिलं, तपकिरी पाहिलं. मग अध्यक्षांचं धोतर पाहिलं.

"पोरखेळ हाय सगळा," पारिसाप्पा गुरकावले. "ते आमचं कशावरनं?"

बायकांच्या बाजूने काकूंचा आवाज आला, "आमचंच की हो. काठ मी शिवलाय."

हार डॉक्टरांच्या हातातच राहिला. उरलेले डबे अध्यक्षांच्या कपाटातून निघाले. भर उन्हात डबा घेऊन पारिसाप्पा गल्लीतून विहिरीपर्यंत चालत गेले, अत्तराच्या बोळ्याशिवाय. गल्लीतल्या कुणी त्यांना वाट दाखवली नाही की नमस्कार केला नाही.

"यापुढं औषधाची किल्ली मंडळाकडं," डॉक्टर म्हणाले, "आणि तपासणी या मुलीच्या गाळण्याकडं." राजाबाई आक्कांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या सकाळी गाळणं तपकिरी झालं. विहिरीत परत सोडायला त्यात जिवंत काही उरलं नव्हतं. चंदनाने विहिरीपुढे हात जोडून क्षमा मागितली, आणि गाळलेल्या पाण्याचा पहिला तांब्या नागूच्या हातात दिला.